रिअल एल प्यायला जाताय? पब निवडण्यापासून शेवटच्या ग्लासापर्यंत

इंग्लंडमध्ये शिकायला, नोकरीला किंवा पंधरा दिवसांच्या सहलीला आलेली मराठी मंडळी एकदा तरी जुन्या पबात जातात. लाकडी मुठीचा दांडा ओढून दिलेली बिअर मागवतात, एक घोट घेतात आणि ग्लास खाली ठेवतात. "कोमट आहे, गॅसही नाही." पुढच्या वेळी थंडगार लागर, म्हणजे आपल्या ओळखीची फिकी, गॅसवाली बिअर. कधी खरोखरच बिअर बिघडलेली असते, पण बहुतेक वेळा चूक त्याआधीच झालेली असते. पब चुकतो, वार चुकतो, नाहीतर संध्याकाळची सुरुवातच सगळ्यात कडक बिअरने होते. हे टप्पे क्रमाने पाळले तर पहिल्याच खेपेला चांगला ग्लास हाती येतो.

## आधी एवढं समजून घ्या

रिअल एल म्हणजे कास्कमध्ये, म्हणजे पिंपात, जिवंत असलेली बिअर. ब्रुअरीतून, म्हणजे बिअरच्या कारखान्यातून, ती बारीक गाळणी न लावता आणि पाश्चराइझ न करता निघते. पिंपात थोडं यीस्ट शिल्लक असतं आणि पबच्या तळघरात ती आणखी जराशी आंबते. तिच्यातला मंद फेसाळपणा तिथेच तयार होतो. वरून गॅस सोडून ती ढकलली जात नाही. ती हाताने ओढतात, नाहीतर पिंपाच्या तोटीतून थेट ग्लासात उतरवतात.

पिंप उघडलं की बिअर कमी होत जाते आणि तिच्या जागी हवा शिरते. तिथून घड्याळ सुरू होतं. उघडलेल्या पिंपातली बिअर साधारण तीन दिवस उत्तम असते, मग ती उतरणीला लागते. नीरा जशी सकाळची सकाळीच प्यायची, तसंच हे, फक्त तासांऐवजी दिवस मोजायचे. या लेखातला जवळजवळ प्रत्येक सल्ला या तीन दिवसांवरून निघतो.

केग बिअर वेगळी. ती बंद पिंपातून गॅसच्या दाबाने येते, थंड असते आणि बरीच जास्त टिकते. वाईट नव्हे, पण आज आपण तिच्यासाठी निघालेलो नाही.

## टप्पा १: पब निवडणे

इथे सर्वांत जास्त लोक फसतात. काउंटरवर दहा दांडे दिसले की वाटतं, काय निवड आहे! पण जरा हिशेब करा.

पबात सर्रास येणारं पिंप म्हणजे फर्किन. त्यात ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट बिअर मावते. तळाचा गाळ सोडला तर ६८-७० पाइंट विकता येतात. तीन दिवसांत संपवायची म्हणजे एका दांड्यामागे रोज जवळजवळ २३ पाइंट खपायला हवेत. आठ दांडे असतील तर रोज १८४. आता पबात नजर टाका. मंगळवारची संध्याकाळ, आठ दांडे आणि गिऱ्हाईक सहा, तर त्यातली निदान चार पिंपं म्हातारी झालेली असणार. त्यापेक्षा तीन दांड्यांचा, पण बऱ्यापैकी गर्दीचा पब केव्हाही बरा. काही छोटे पब पिन नावाचं अर्ध्या आकाराचं, ३६ पाइंटचं पिंप आणतात. तिथे कमी गर्दीतही बिअर ताजी राहू शकते.

शोधायचं कुठे? कॅम्रा ही ग्राहकांची संघटना १९७१ पासून रिअल एलसाठी काम करते. तिची 'गुड बिअर गाइड' दरवर्षी निघते आणि तिच्यातले पब स्थानिक सभासद स्वतः वारंवार चव घेऊन निवडतात. जुनं लाकूडकाम, नक्षीच्या काचा, छोट्या छोट्या खोल्या बघायच्या असतील तर ऐतिहासिक अंतर्गत रचना असलेल्या पबांची कॅम्राची वेगळी यादी आहे. दाराजवळ कास्क मार्क या तपासणी संस्थेचा छोटा फलक दिसला तर त्या पबातल्या बिअरचं तापमान, दिसणं, वास आणि चव बाहेरून आलेल्या तपासनिसाने पाहिलेली असते. कास्क मार्कचं कास्कफाइंडर हे अॅप फोनवर ठेवा.

आणखी एक भेद कामाला येतो. काही पब एका ब्रुअरीचे असतात आणि तिथे मुख्यतः त्याच घरची बिअर मिळते. काही 'फ्री हाउस' असतात, म्हणजे मालक कुणाकडूनही पिंप घेऊ शकतो. नवख्याने पहिली भेट ब्रुअरीच्या स्वतःच्या पबाला द्यावी असं आमचं मत आहे. बिअर वेगाने खपते, तळघर सांभाळणाऱ्याला तिची सवय असते आणि ती मुळात कशी लागायला हवी हे एकदा जिभेला कळतं. फ्री हाउसमधल्या अनोळखी नावांकडे त्यानंतर वळावं.

तपासणी: यादीतल्या पबाची वेळ त्याच दिवशी पबच्या पानावर बघून घ्या. छोटे मायक्रोपब अनेकदा सोमवार-मंगळवार बंद असतात, आणि काही जुने पब अजून दुपारी मधले तास दार लावतात.

## टप्पा २: वार आणि वेळ

गुरुवार संध्याकाळ किंवा शुक्रवारी चारच्या सुमारास जा. शनिवार-रविवारच्या गर्दीसाठी पिंपं तेव्हा नुकतीच उघडलेली असतात आणि काउंटरवर बोलायला माणसाला सवडही असते. शनिवारी रात्री बिअर ताजी मिळेल, पण चव घेऊन निवडायला कुणी वेळ देणार नाही. सोमवारी शनिवारची उरलेली मिळण्याची शक्यता जास्त.

पब उघडल्या उघडल्या पहिलाच ग्लास मागवू नका. तळघरापासून दांड्यापर्यंतच्या नळीत रात्रभर बिअर अडकलेली असते. चांगला पब ती आधी ओढून फेकतो, सगळेच फेकतात असं नाही. अर्ध्या तासाने गेलात तर हा प्रश्नच उरत नाही.

## टप्पा ३: निघण्यापूर्वी

ओळखपत्र. दारू विकत घ्यायला वय १८ लागतं, पण पंचविशीच्या आतले दिसत असाल तर ओळखपत्र मागण्याची पद्धत आहे. मूळ पासपोर्ट, ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स किंवा 'पास' (PASS) हे चिन्ह असलेलं वयाचं कार्ड चालतं. भारतीय लायसन्सवर किंवा फोनमधल्या फोटोवर विसंबू नका.

पोट. रिकाम्या पोटी जाऊ नका, आणि तिखट जेवूनही नको. मिरचीने बधिर झालेल्या जिभेला बिटर (इथली नेहमीची तांबूस एल) फक्त कडू लागते. दोन तास आधी साधं जेवण, वरण-भात किंवा पोळी-भाजी, उत्तम.

गाडी घरी ठेवा. इंग्लंड आणि वेल्समध्ये गाडी चालवताना १०० मिली रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे, स्कॉटलंडमध्ये ५०. "एकच घेतली आहे" हा हिशेब कुणाच्याच शरीराला नीट लागू पडत नाही. परतीची शेवटची ट्रेन किंवा बस आधीच लिहून ठेवा.

मोजदाद. इंग्रजी पाइंट ५६८ मिलीचा असतो. मिली गुणिले टक्केवारी भागिले १००० केलं की युनिट मिळतात. ४ टक्क्यांचा पाइंट म्हणजे जवळजवळ २.३ युनिट. ब्रिटनचा सरकारी आरोग्य सल्ला आठवड्याला १४ युनिटच्या पुढे जाऊ नये असा आहे. म्हणजे असे तीन पाइंट घेतले की आठवड्याचा निम्मा वाटा एका संध्याकाळीच संपला.

शाकाहारी असाल तर हे नक्की वाचा. पिंपातलं यीस्ट तळाशी बसावं म्हणून पारंपरिक पद्धतीने आयसिंग्लास घालतात. ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतं. ते गाळाबरोबर खाली बसतं, ग्लासात तरंगत नाही, पण प्रक्रियेत मासा आहेच. चालत नसेल तर 'अनफाइन्ड' किंवा 'व्हीगन' लिहिलेली बिअर मागा. 'मिल्क स्टाउट' या काळ्या बिअरमध्ये दुधातली साखर असते. खाण्यात बटाट्याच्या चिप्स, म्हणजे आपल्या फ्रेंच फ्राइज, विचारल्याशिवाय घेऊ नका. यॉर्कशायर आणि बर्मिंगहॅमजवळच्या ब्लॅक कंट्री भागात त्या गोमांसाच्या चरबीत तळण्याची रीत आहे आणि पाटीवर ते लिहिलेलं असेलच असं नाही. "आर द चिप्स फ्राइड इन व्हेजिटेबल ऑइल?" एवढा सरळ प्रश्न पुरतो.

## टप्पा ४: काउंटर वाचणे

आत शिरल्यावर टेबल पकडून वेटरची वाट बघत बसू नका. कुणी येणार नाही. ऑर्डर काउंटरवर द्यायची आणि पैसेही तिथेच. पण ऑर्डर देण्याआधी एक मिनिट नुसतं बघा.

गावच्या हापशासारखा उभा दांडा दिसतो, तो हँडपंप. त्याच्या पुढे लावलेली रंगीत पाटी म्हणजे पंप क्लिप. तिच्यावर बिअरचं नाव, ब्रुअरी आणि अल्कोहोलची टक्केवारी असते. क्लिप उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपलेली किंवा अजून तयार नसलेली. चकचकीत स्टीलच्या किंवा दिवे लावलेल्या नळांतून येते ती बहुधा केग.

प्रकार असे ओळखा:

माइल्ड गडद, हलकी आणि कमी कडू, साधारण ३ ते ३.८ टक्के. बिटर तांबूस-तपकिरी, कोरडी, साडेतीन ते चारच्या आसपास. बेस्ट बिटर तिच्याहून थोडी भरीव. लुईस गावच्या हार्वीज ब्रुअरीची ससेक्स बेस्ट ४ टक्के, लंडनची फुलर्स लंडन प्राइड पिंपातली ४.१, कीथलीच्या टिमथी टेलरची लँडलॉर्ड ४.३. गोल्डन एल फिकी आणि लिंबू-संत्र्याच्या वासाची. लागरची सवय असलेल्याला हा सोपा पूल आहे. पोर्टर आणि स्टाउट काळ्या, भाजलेल्या कॉफीच्या बाजूच्या. ओल्ड एल आणि बार्ली वाइन जड. मॅशमच्या थीकस्टनची ओल्ड पिक्युलिअर ५.६ टक्के आहे. ती पाइंटभर मागवून सुरुवात करणं ही नेहमीची चूक.

आता शेजारच्या गिऱ्हाइकांचे ग्लास बघा. कुठला दांडा सारखा ओढला जातोय? तोच मागा. एकही ग्लास नसलेल्या दांड्याच्या नळीतली बिअर तासभर तरी उभी आहे.

तपासणी: पुसलेलं काउंटर, स्वच्छ ग्लास, आंबूस वास नसणं. काउंटरलाच आंबट वास असेल तर तळघराकडून फार अपेक्षा ठेवू नका. लिंबू-सोडा प्या आणि पुढच्या पबात जा.

## टप्पा ५: मागवणे

रांग दिसत नाही, तरी ती असते. तुमच्याआधी कोण आलंय ते लक्षात ठेवा. काउंटरमागच्याने तुमच्याकडे आधी पाहिलं तर "शी वॉज बिफोर मी" म्हणून शेजारणीकडे हात करा. इथे ही गोष्ट लोकांच्या लक्षात राहते. नोट हलवणं, टिचकी वाजवणं, "एक्सक्यूज मी" म्हणून हाक मारणं, यातलं काहीही करू नका. नजरानजर झाली की पुरे.

पहिल्यांदा हाफ मागा, म्हणजे २८४ मिली. "अ हाफ ऑफ हार्वीज, प्लीज." काही पबात पाइंटचे तीन भाग, वेगवेगळ्या बिअरचे, लाकडी फळीवर देतात. नवख्यासाठी ते छानच. नक्की ठरत नसेल तर "कुड आय ट्राय अ टेस्ट ऑफ दॅट?" असं विचारा, दोन घोट मिळतात. दोन प्रकारांची चव घेऊन निवडा. पाच-पाच चाखून एक हाफ घेणं बरं दिसत नाही, आणि गर्दीच्या वेळी तर चव मागूच नका. "व्हॉट्स ड्रिंकिंग वेल टुडे?" हा प्रश्न मात्र केव्हाही विचारा. चांगला बारमन या प्रश्नाने खूश होतो आणि खरं सांगतो.

चार-पाच जण असाल तर एकाने जाऊन सगळ्यांचं एकदम सांगावं आणि एकदमच पैसे द्यावेत. पुढचा राउंड दुसऱ्याचा. प्रत्येकाने वेगळं कार्ड काढून काउंटर अडवणं ही आपल्या गटांची हटकून होणारी चूक. कुणाला गिनेस हवी असेल तर ती सर्वांत आधी सांगा, तिला बसायला वेळ लागतो. टिप द्यायची पद्धत नाही. फारच मन लावून मदत केली असेल तर "अँड वन फॉर युअरसेल्फ" म्हणा, म्हणजे त्याच्याही एका ग्लासाचे पैसे तुमच्या बिलात.

## टप्पा ६: ओतताना बघा

इथे घाई करू नका, बघण्यासारखं आहे. दांडा ओढला की पंपाच्या सिलिंडरमधून बहुधा अर्धा पाइंट वर येतो, म्हणजे पाइंटला दोन पूर्ण ओढी आणि मग वरची भरती. ओढ लांब आणि सावकाश हवी. ग्लासात आधी सगळं दुधाळ दिसतं, जणू ताक घुसळलंय. मग तळाकडून वर पारदर्शक तांबूस रंग चढत येतो आणि फेस माथ्याशी जमतो. मिनिटभरात ग्लास स्वच्छ होतो. तोवर हात लावू नका.

उत्तर इंग्लंडमध्ये नळीच्या टोकाला स्पार्कलर नावाची बारीक भोकांची टोपी असते. तिने फेस सायीसारखा दाट येतो आणि कडूपणा जरा मऊ लागतो. दक्षिणेत टोपी नसते, फेस पातळ असतो. फेस कमी म्हणून बिअर शिळी असा निष्कर्ष काढू नका. यॉर्कशायरमध्ये स्पार्कलर काढायला सांगू नका, ससेक्समध्ये लावायला सांगू नका.

माप कमी वाटलं तर? ग्लासावर रेघ असेल तर बिअर रेघेपर्यंत हवी. रेघ नसलेल्या काठोकाठच्या ग्लासात फेस धरून पाइंट मोजतात, पण निदान ९५ टक्के द्रव असावा असा धंद्यातला संकेत आहे. "कुड आय हॅव अ टॉप-अप, प्लीज?" म्हटलं की निमूट भरून देतात.

सावधान: दुसरा ग्लास घेताना जुनाच पुढे करू नका, नवा मागा. लांब वाकड्या नळीचं टोक बिअरमध्ये बुडतं आणि तुमचा उष्टा ग्लास पुढच्या सगळ्यांच्या बिअरला लागतो.

## टप्पा ७: पारख

आता ग्लास उजेडाकडे धरा, मग वास घ्या, मग घोट. याच क्रमाने.

तापमान. तळघर ११ ते १३ अंशांवर ठेवतात आणि बिअरही तेवढीच गार असायला हवी. आपल्याकडची बिअर फ्रिजमधून, चार-पाच अंशांवर येते. म्हणून ही कोमट भासते. फ्रिजमधल्या बाटलीची नव्हे, थंडीच्या दिवसांतल्या माठातल्या पाण्याची आठवण ठेवा. ग्लास तळहाताला गार लागला पाहिजे, बाहेरून घाम फुटलाच पाहिजे असं नाही. तळहाताला गारवाच जाणवला नाही, तर ती खरोखर गरम आहे आणि परत द्यायला कारण आहे. उन्हाळ्यात, विशेषतः फारशी न ओढल्या जाणाऱ्या दांड्याची, अशी मिळू शकते.

स्वच्छता. बहुतेक बिअर ग्लासापलीकडचं बोट दिसेल इतकी नितळ हवी. 'अनफाइन्ड' लिहिलेली मुळातच गढूळ असते, तो दोष नाही. ग्लासाच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले असतील तर ग्लास तेलकट आहे. नीट धुतलेल्या ग्लासात प्रत्येक घोटामागे फेसाचं एक कडं मागे राहतं. तेलकट बोटांनी आणि ओठांनीही फेस मरतो, त्यामुळे खाऱ्या शेंगदाण्यांवर हात मारलात तर आधी बोटं पुसा.

वास आणि चव. इथे थोडं थांबायला हवं, कारण 'आवडली नाही' आणि 'बिघडली आहे' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

व्हिनेगरचा आंबट झणका म्हणजे पिंप जास्त दिवस उघडं राहिलं, हवेबरोबर जिवाणू शिरले. हा सगळ्यात नेहमीचा दोष. त्यावर वादच नको.

भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवेने बिअर शिळी झाली.

लोणी किंवा बटरस्कॉचच्या गोळीचा वास म्हणजे यीस्टला काम पुरं करायला वेळ मिळाला नाही, किंवा नळ्या अस्वच्छ आहेत. काही जुन्या बिटरमध्ये याची हलकी झाक मुद्दाम असते. जिभेवर तुपकट थर बसत असेल तर मात्र दोष.

गढूळ आणि यीस्टची कडवट चव म्हणजे पिंपाचा तळ आला, किंवा पिंप हलवल्यावर ते पुरतं बसण्याआधीच विकायला काढलं.

निर्जीव, पाणचट, गॅसच नाही, याचं कारण तळघरात सापडतं. पिंपाच्या वरच्या भोकात लाकडी खुंटी बसवतात. बिअर आंबत असताना जास्तीचा वायू जावा म्हणून मऊ, सच्छिद्र खुंटी, आणि विक्री नसताना उरलेला वायू आत राहावा म्हणून कठीण खुंटी. रात्री कठीण खुंटी ठोकायची राहिली की सकाळपर्यंत बिअरचा जीव गेलेला असतो.

दवाखान्याच्या औषधासारखा वास बाहेरच्या यीस्टचा, किंवा ग्लास-नळी धुण्याच्या रसायनाचा.

काडेपेटीची काडी ओढल्यासारखा गंधकाचा क्षणिक वास आला आणि बिअर बर्टन-अपॉन-ट्रेंटची असेल तर घाबरू नका. तिथल्या पाण्यातल्या सल्फेटमुळे तो येतो आणि जाणकार तो मुद्दाम शोधतात. ड्रॉट बॅस ही तिथली बिअर पिताना हे लक्षात ठेवा.

सावधान: घोट घेताच तोंडात जळजळ झाली किंवा साबणासारखं बुळबुळीत लागलं तर गिळू नका. तोंड पाण्याने खळाळून धुवा आणि लगेच काउंटरवर सांगा. नळ्या दर आठवड्याला दाहक रसायनाने धुतात, आणि धुतल्यावर पाणी नीट फिरवलं नाही तर ते ग्लासात येऊ शकतं.

## टप्पा ८: परत देणे

भीड बाळगू नका, पण निम्मा ग्लास संपवून तक्रारही करू नका. एक-दोन घोटांत ठरवा. ग्लास काउंटरवर न्या, आवाज खाली ठेवा आणि एवढंच म्हणा: "सॉरी, आय थिंक धिस वन्स गॉन ऑफ. कुड यू हॅव अ लुक?" बारमन वास घेईल, कदाचित स्वतः थोडी ओढून चाखेल. चांगला पब लगेच दुसरी देतो आणि त्या दांड्याची क्लिप उलटी करतो. बदली म्हणून दुसऱ्या दांड्याची मागा. त्याच पिंपातली पुन्हा घेऊन काय होणार?

"रिअल एल अशीच लागते," असं उत्तर मिळालं तर व्हिनेगरच्या वासाबाबत ते मान्य करू नका. मात्र तुम्हाला फक्त कडूपणा नकोसा झाला असेल तर ते पबच्या गळ्यात मारू नका. पुढची गोल्डन किंवा माइल्ड घ्या.

## टप्पा ९: संध्याकाळचा क्रम

कमी टक्क्यांकडून जास्तीकडे आणि कमी कडूकडून जास्त कडूकडे. माइल्ड किंवा साधी बिटर, मग बेस्ट किंवा गोल्डन, मग हवी असेल तर पोर्टर, आणि जड एल शेवटी, तीही हाफ. उलट गेलात तर हॉप्सने, म्हणजे कडूपणा देणाऱ्या फुलांनी, भरलेली एल जिभेवर बसते आणि नंतरची माइल्ड पाण्यासारखी लागते. चांगल्या माइल्डवर तो अन्याय आहे. दोन हाफांच्या मध्ये एक ग्लास पाणी. दारूचा परवाना असलेल्या पबाला नळाचं पाणी गिऱ्हाइकाला फुकट द्यावं लागतं, तेव्हा संकोच नको.

एका संध्याकाळी तीन पब पुरे. चौथ्यात कळत काही नाही, नुसतं प्यायलं जातं.

## टप्पा १०: तीन तयार सहली

लंडन. बरो स्टेशनपासून जवळ टॅबर्ड स्ट्रीटवरचा रॉयल ओक हा हार्वीजचा पब. इथे ससेक्स बेस्टने जीभ बसवा, थंडीत त्यांची ओल्ड एलही असते. तिथून चालत जॉर्ज इन. सतराव्या शतकातल्या लाकडी सज्जांची ही सराय आता वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या मालकीची आहे. अंगणात उभं राहून सज्जे नीट बघा. मग होबर्नला प्रिन्सेस लुईझ, तिथल्या कोरीव काचांच्या छोट्या व्हिक्टोरियन कप्प्यांसाठी. हा सॅम्युअल स्मिथचा पब. या कंपनीने आपल्या पबांत फोन वापरायला मनाई केली आहे, तेव्हा पुढचा नकाशा बाहेरच बघून घ्या. ताकद उरली तर लँब्ज कॉन्ड्युइट स्ट्रीटवरचा लँब, जिथे काउंटरवर डोळ्यांच्या उंचीला फिरत्या काचेच्या झडपा अजून शाबूत आहेत.

शेफील्ड. स्टेशनातच शेफील्ड टॅप आहे, जुन्या रिफ्रेशमेंट रूममध्ये. पण तिथेच रमू नका. चालत किंवा ट्रॅमने केलम आयलंडला जा. फॅट कॅट आणि केलम आयलंड टॅव्हर्न एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. टॅव्हर्नला २००८ आणि २००९ असा लागोपाठ दोनदा कॅम्राचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इथे दांडे पुष्कळ आणि खपही तसाच, त्यामुळे पहिल्या टप्प्यातला हिशेब बसतो. शेफील्ड टॅप परतीच्या ट्रेनआधीच्या शेवटच्या हाफसाठी राखून ठेवा.

ब्लॅक कंट्री. ब्रायर्ली हिलचा व्हाइन, ज्याला सगळे बुल अँड ब्लॅडर म्हणतात, हा बॅथम्स ब्रुअरीला चिकटूनच आहे. बिटर ४.३ टक्के, किंचित गोडसर, आणि खप इतका की शिळी होण्याची भीतीच नाही. सोबत चीज-कांद्याचा कॉब, म्हणजे गोल पाव, शाकाहाऱ्यांना चालतो. सेजलीच्या बीकन होटेलमध्ये मागच्याच बाजूला सारा ह्यूज ब्रुअरी आहे. तिची डार्क रूबी माइल्ड नावाला माइल्ड, पण तब्बल ६ टक्के. तिथे हाफच, आणि तोही दिवसाच्या शेवटी. दोन्ही गावांना रेल्वे स्टेशन नाही. डडलीकडून बस धरावी लागते, म्हणून परतीच्या बसची वेळ आधी, बिअर नंतर. याच भागात वेस्ट ब्रॉमविच आणि स्मेदिकचे देसी पब (भारतीय वंशाच्या मालकांचे) मिक्स्ड ग्रिलसाठी नावाजलेले आहेत. जेवायला जरूर जा, पण हँडपंप आहे का आणि तो चालू आहे का, हे आत शिरल्यावर आधी बघा.

निघताना रिकामे ग्लास काउंटरवर नेऊन ठेवा. सक्ती नाही, पण काउंटरमागून थँक्स ऐकू येतो आणि पुढच्या खेपेला तुमचा चेहरा ओळखला जातो. घंटा वाजवून "लास्ट ऑर्डर्स" असं ओरडलं की मागवण्याची शेवटची संधी. हातातला ग्लास संपवायला त्यानंतरही काही मिनिटं मिळतात. बिअरचं नाव, पब, वार आणि चव कशी लागली याच्या दोन ओळी ट्रेनमध्ये बसल्यावर फोनमध्ये लिहून ठेवा. तीच बिअर दुसऱ्या पबात वेगळी लागली तर कुठल्या तळघरात काळजी घेतात ते या ओळींवरून कळेल.